फाट्यावरची निळी

"एकली उभी करू नकू बाई. एकल्याचंच जातंय."

मल्हारीबाबांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मी गंगाखेडकडून येणाऱ्या बसकडं बघत होते. हो हो म्हणाले आणि सायकल थांब्याच्या पाटीच्या लोखंडी खांबाला साखळीनं बांधली. कुलूप दोनदा ओढून बघितलं. मोबाईलवर बघून शिकले होते मी सगळं. साखळी पुढच्या चाकातून घालायची, मधल्या नळीखालून काढायची, मागच्या चाकातून फिरवून खांबाला आवळायची. बी.ए. झालेल्या बाईला एका मेंढक्यानं सायकल कुठं उभी करावी ते सांगावं, याचं थोडं हसूच आलं होतं मला.

आमचं गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत. रस्ता म्हणजे निम्मी खडी, निम्मी माती. ऑटो सकाळी एक येतो, संध्याकाळी एक जातो, मधल्या वेळात पाय असतील तर पाय नाहीतर सायकल. म्हणून फाट्यावर चिंचेखाली दहा-बारा सायकली रोज उभ्या असायच्या. पालमच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या, गवंड्यांच्या हाताखाली जाणाऱ्या माणसांच्या, एक पोस्टाच्या माणसाची. चिंचेच्या अलीकडं रामहरीचं पत्र्याचं हॉटेल आणि हातपंप, पलीकडं मल्हारीबाबांची पालासारखी झोपडी आणि एक शेळी.

बाबांना कुणी राखणीला ठेवलेलं नव्हतं. पूर्वी त्यांच्याकडं दीडशे मेंढरं होती म्हणे. कंबर गेली तशी ती विकली, बायको आधीच गेलेली, मुलगी राणीसावरगावला दिलेली. मग हा माणूस या फाट्यावर येऊन बसला आणि समोर सायकली दिसल्या म्हणून सायकली राखू लागला. सकाळी मोजायचे. दुपारी मोजायचे. प्रत्येकीला नाव होतं. गंजलेली ती भुरी, स्टँड मोडलेली ती लंगडी, माझी ती निळी.

निळी मला आठवीत शाळेतून मिळालेली. लांबून येणाऱ्या आम्हा पोरींना एकाच दिवशी वाटल्या होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या. तिच्यावर मी बारावी केली, कॉलेज केलं. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर ती टेम्पोत चढवली तेव्हा नागेशच्या मावशा पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "नवरीनं घोडं सोबत आणलंय गं." आता नागेश चाकणला कंपनीत असतो, तीन महिन्यांनी येतो, आणि त्या मावशांना बाजारातून काही आणायचं असलं की निळीच आठवते.

मी पालमला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. दाखले, शिष्यवृत्ती, पीकविमा. अंगठा मशीनवर नीट उमटत नाही म्हणून म्हातारी माणसं माझ्यासमोर बोट जिभेवर ओलं करतात. दिवसभर माणसांशी बोलते, पण ते बोलणं आधार नंबर सांगा, ओटीपी सांगा, एवढंच. घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लक्ष्मीबाई. त्यांना कमी ऐकू येतं आणि गुडघे धरलेले. आणि सोनू.

सोनू सव्वातीन वर्षांची. तिला तापात झटके येतात. दोनदा आले होते तोवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाबरू नका, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर उचलून आणा. मी हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चुलीच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं. पण आत्याबाईंना वाचता येत नाही आणि झटक्याला चमचा दातात घालायचा असतो हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं. पहिल्या वेळी त्यांनी चमचा घातलाच होता. सोनूच्या हिरडीतून रक्त आलं होतं. तेव्हापासून पालमला खुर्चीवर बसले की माझं एक मन त्या चमच्यापाशी असायचं.

पालम ते फाटा काळीपिवळी वीस-पंचवीस मिनिटांत आणून सोडते. फाटा ते घर पायी गेलं तर तास, निळीवर पंधरा मिनिटं. हा हिशेब मी झोपेतही करायचे. म्हणून ती खांबाला बांधायची, गर्दीत नाही. चिंचेखाली सायकली एकमेकींच्या अंगावर रेललेल्या असायच्या, आपली काढायची तर चार सायकली बाजूला कराव्या लागायच्या, कुणाच्या पॅडलमध्ये कुणाचा स्पोक. शिवाय कुणाच्या सायकलीला धक्का लागला तर बोलणी खायची तयारी पाहिजे, आणि आम्हाला ती तयारी जरा जास्तच ठेवावी लागते. खांबाजवळ उतरलं, कुलूप काढलं, निघालं.

एकदा दुकानात वीज नव्हती म्हणून दुपारीच परतले. वैशाखाचं ऊन. डांबर चपलेला चिकटत होतं. बघते तर बाबा एकेक सायकल मागच्या कॅरिअरला धरून उचलत होते आणि चिंचेच्या दुसऱ्या अंगाला नेऊन लावत होते. सावली सरकली तशी सायकली सरकवत होते.

"काय करायलाव बाबा?"

"सावलीला न्यायलोय. उन्हात टायर फुटतंय. जित्राब उन्हात ठिवतेत का?" त्यांनी कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला. "तुमची न्हाई हलिवता येत. दावणीला बांधल्याली हाय."

"राहू द्या. माझी चालते तशी."

"चालती. रबर हाय तवर चालती." मग, "लेकरू बरं हाय का?"

हे ते रोज विचारायचे. फाट्यावर उतरलं की आधी हेच. मी पण रोज "हाय बरं" म्हणायचे आणि पॅडलवर पाय टाकायचे. नागेशचा फोन रात्री जेवणानंतर यायचा, त्यात मशीनचा आवाज, मित्रांचा आवाज, "पोरगी काय म्हणते, झोपली का, बरं ठेवतो." बाकी गावात मला कुणी काही विचारायचं नाही. शिकलेली सून, दिवसभर बाहेर असते, तिला काय विचारायचं? बाबांचा तेवढा एक प्रश्न होता दिवसात, आणि मी तो उभ्या उभ्या घेऊन निघून जायचे.

त्या महिन्यात फाट्यावरच्या सायकलींना हात लागायला लागला. आधी पोस्टाच्या माणसाची घंटी गेली. मग एका पोरीच्या सायकलीचे दोन्ही व्हॉल्व्ह. दुपारी भंगाराचा टेम्पो भोंगा वाजवत फिरतो, त्याच्यासोबत दोन पोरगे असतात, असं रामहरी म्हणाला, पण बघितलं कुणीच नव्हतं. "आता सायकल न्हाई चोरत कुणी," रामहरी कप विसळत सांगत होता, "पुरी न्यायची तर वळखू येती. सीट काढली, पॅडल काढलं, पोत्यात घातलं, संपलं. सीटीला कुठं तोंड आसतंय वरडायला!" हॉटेलातली माणसं हसली. मी त्या दिवशी घरी जाताना साखळीची कडी तपासली. सीट तपासली नाही.

शनिवारी सोनूला ताप आला. हलकाच, पण आला. रविवारी सकाळी तिचं कपाळ दर पाच मिनिटांनी बघत बघत मी अंगणात निळी धुवायला काढली. हाताला काम पाहिजे होतं. सीटखाली फडकं घातलं आणि काहीतरी खरखरीत लागलं. खाली वाकून बघितलं तर सीटच्या नळीला, जिथं नट असतो तिथं, काळे केस गुंडाळलेले. दाट. मुठीएवढे. वर चकचकीत, सुकलेल्या रक्तासारखं तांबूस काहीतरी थापलेलं आणि खाली गाठ मारलेली.

शेजारची मनिषा पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती तिथंच थांबली.

"अगं माय! हात लावू नको धम्मशीला. केस हायेत."

"दोरा असेल कसला."

"दोरा आसा आसतो का? गाठ बघ की. करून ठिवलंय कुणीतरी." तिनं घागर खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "लेकराला ताप कवापासून हाय?"

"कालपासून. काहीतरी बोलू नको, मनिषा. असलं काही नसतं."

"नसतं तर नसतं. मी काय म्हणायलेय? तुपलं लेकरू, तुपली सायकल." घागर उचलून ती गेली.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आमच्या, दारातून सरळ दिसतो. मी त्याच्याकडं बघितलं नाही. आत जाऊन नागेशच्या दाढीचं ब्लेड आणलं. कॉलेजात मी अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं, पहिला नंबर आला होता, हे सगळं मला आठवत होतं आणि तरी माझा हात चालत होता. माझं लेकरू आत तापानं फणफणत होतं. असलं काही नसतं हे मला माहीत होतं. पण असलंच तर?

ते निघता निघेना. पहिलं ब्लेड मोडलं. वरचा थर काचेसारखा कडक होता, खाली केस एकात एक आवळलेले. उकळतं पाणी ओतलं, दुसऱ्या ब्लेडनं खरवडलं, बोट कापलं. अर्धा-पाऊण तास लागला मला. कुणाचं वाईट करायला इतकी मेहनत कोण घेईल, हा प्रश्न तेव्हा पडायला पाहिजे होता. मी ते सगळं गोठ्यामागं नेऊन जाळलं. वास केसांचा आला, आणि मागून गोडसर, सणाच्या दिवशी लाडवासाठी डिंक तळतात तसला.

संध्याकाळी सोनूचा ताप उतरला. तो औषधानं उतरला. तरी मी गोठ्यामागच्या राखेवर अजून एक तांब्या पाणी टाकून आले.

सोमवारी फाट्यावर निळी खांबाला लावताना बाबा जवळ आले. त्यांनी वाकून सीटखाली बघितलं. मग माझ्याकडं.

"काढलंव व्हय?"

"काय काढलं?"

त्यांनी माझ्या बोटावरची पट्टी बघितली. "काई न्हाई. आसू द्या. मपलंच चुकलं." आणि काठी टेकत चिंचेकडं गेले. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लेकरू बरं आहे का ते विचारलं नाही. मला वाटलं, विचारायला तोंड राहिलं नाही म्हणून विचारलं नाही. तीन दिवस मी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

गुरुवारी दोन वाजता आत्याबाईंनी शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून फोन लावला. त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्या ओरडतात. "पोरगी तापलीय. डोळे फिरवायलीय. ये!" मागं मनिषाचा आवाज, भांडं पडल्याचा आवाज. मी म्हणत होते, तोंडात काही घालू नका, आत्याबाई, चमचा घालू नका, आणि तिकडं फोन कट झाला.

काळीपिवळीत मागच्या दाराला लोंबकळून आले. फाट्यावर माणूस नव्हतं. रामहरी दुपारचं पत्र्याखाली झोपला होता. चिंचेखाली सायकली एकमेकींना टेकून सावलीत उभ्या. बाबा दिसले नाहीत.

निळी खांबाला होती. साखळी होती, कुलूप होतं, दोन्ही चाकं होती. सीट नव्हती. नळीचं तोंड आभाळाकडं उघडं होतं.

मग कुलूप काढलं आणि साडी कंबरेला खोचून पॅडलवर उभी राहिले. चार किलोमीटर उभ्यानं. चढावर मांड्या थरथरायला लागल्या, खडीत चाक घसरलं की अंग आपसूक खाली बसायला जायचं आणि नळीची उघडी कड मांडीत रुतायची. दोनदा रुतली. ऊन समोरून. तोंडात थुंकी नाही. मध्ये एकदा थांबून हँडलवर डोकं टेकलं आणि पुन्हा चढले. रस्त्यानं कुणी भेटलं नाही. कुणी भेटावं असं इतकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा सोनू निपचित झोपली होती, श्वास नीट चालला होता. झटका येऊन गेला होता. आत्याबाई तिच्या उशाला बसून पदरानं वारा घालत होत्या. मी आधी तिचं तोंड उघडून बघितलं. पुढचा एक दुधाचा दात अर्धा तुटलेला होता. चमचा भांड्यांत परत ठेवलेला.

"मंग काय करू?" आत्याबाई म्हणाल्या. "तू नव्हतीस."

रात्री नागेश फोनवर म्हणाला, "सोड ती नोकरी. एक सायकल सांभाळता येत नाही." मी मांडीला हळद लावून पडले होते. साडीला रक्त लागलेलं भिजत घातलं होतं.

शुक्रवारी सोनूजवळ मनिषाला बसवलं, तिला कागद वाचून दाखवला आणि ऑटोनं फाट्यावर गेले. दुकानात त्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती, जाणं भागच होतं. बसला दहा मिनिटं होती. आमच्या गावचे पोलीस पाटील दिनकरराव हॉटेलच्या बाकावर चहा पीत बसले होते, आणखी सात-आठ माणसं होती. बाबा चिंचेखाली होते. मला बघून उठून आले.

"बाई, लेकरू—"

"लेकराचं नाव काढू नका." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुमी दिवसभर इथं बसता ना? सायकली राखता ना? मग माझीच सीट कशी गेली? ह्या सगळ्यांच्या सीटी जागेवर, आणि माझीच कशी गेली?"

"मी पंपाच्या मागं भाकरी खायलो व्हतो. पाच मिन्टं—"

"सीटखाली काय केलं होतं तुमी? तुमीच विचारलं ना मला, काढलं का म्हणून? तुम्हाला कसं माहीत तिथं काय होतं?"

दिनकररावांनी कप खाली ठेवला. ते सकाळपासून कुणीतरी काहीतरी विचारावं याची वाट बघत बसल्यासारखे उठले.

"काय रे मल्हारी? बाई काय म्हणायलीय? आण तुझी थैली हिकडं."

"पाटील, थैलीत काय आसनार—"

"काई न्हाई तर भेतो कामून? वत सगळं."

बाबांनी झोपडीतून थैली आणली. डाव्या पायानं लंगडत होते, ते मी तेव्हा बघितलं आणि सोडून दिलं. गुडघ्यावर बसून त्यांनी थैली हॉटेलसमोरच्या धुळीत उलटी केली. भाकरीचं फडकं. शेळीची दोरी. तंबाखूची डबी. चार-पाच नट, एक मोडकं पॅडल, व्हॉल्व्हच्या टोप्या.

"हे कुठले?" पाटलांनी चपलेच्या टोकानं नट हलवले.

"रस्त्यात पडल्याले घावतेत. ज्याचा ढिला आसल त्याला लावतो."

"लय दानी हायस."

एकदोघं हसले. मग थैलीतून शेवटी एक गोळा पडला. काळी लोकर. मेंढीची, चातीवर कातून जाड दोरी केलेली, आणि तिच्यासोबत एका वाटीत बाभळीचा डिंक, तांबूस, पाण्यात भिजवून मऊ केलेला.

मी चिंचेखालच्या सायकलींकडं बघितलं. भुरीच्या सीटखाली काळी गाठ होती. लंगडीच्या होती. पोस्टाच्या माणसाच्या, पोरींच्या, सगळ्यांच्या नटांवर तीच लोकर आवळलेली, वरून डिंक थापून उन्हात कडक वाळवलेला. पाना लागणार नाही, ब्लेड मोडेल, अर्धा तास खरवडावं लागेल अशी. भर दुपारी चोराला एवढा वेळ कुठून मिळणार? मी एवढे दिवस लांबून जायचे, कधी वाकून बघितलं नव्हतं.

मला कळलं. तिथंच, त्याच क्षणी कळलं, हे मी लपवणार नाही. पाटील म्हणत होते, "आन ही लोकर कशाला? करणी-बिरणी करायलास का रे बाया-मान्सांवर?" आणि हॉटेलातल्या सात-आठ माणसांना, ज्यांच्या सायकलींना ती गाठ होती, त्यांना माहीत होतं ती कशाला आहे. रामहरीला माहीत होतं. पाटलांसमोर कुणीच बोललं नाही. आणि ज्या बाईच्या तोंडून हे सगळं सुरू झालं ती बी.ए. होती, तिला नीट बोलता येत होतं, तिनं भाषणात नंबर काढला होता.

बस आली. कंडक्टरनं घंटी मारली. बाबा धुळीतून एकेक नट उचलून फडक्यात ठेवत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

मी चढले.

खिडकीशी जागा मिळाली मला. फाटा मागं गेला तेव्हा मी शेवटची तारीख, शेवटची तारीख असं मनात म्हणत होते.

संध्याकाळी उतरले तेव्हा झोपडी होती, शेळी नव्हती, बाबा नव्हते. चिंचेखालच्या सायकलींपैकी निम्म्या उन्हात उभ्या राहिलेल्या, एकीचा टायर फुटलेला. शनिवारीही नव्हते. पुढच्या आठवड्यात पोस्टाच्या माणसाचं मागचं चाक गेलं. गाठीनं सीट वाचली, पण गाठ काय चाकाला राखणार? मग पोरींनी सायकली आणायच्या बंद केल्या आणि दोघींनी कॉलेज.

मी रामहरीला विचारलं. त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं.

"तुमच्या सीटीला दोन दिस लावले म्हाताऱ्यानं. खांबाजवळ सावली न्हाई, उभं उनात बसून गुंडाळलं. म्हनला, बाईची एकली आसती, तिला दुहेरी गाठ पाहिजे. तुमी काढल्यावर म्हनला, बाईला आपन इचारल्याबिगर हात लावला, आवडलं नसंल. शिकल्याली मानसं हायेत, म्हनला."

"तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुमी बी व्हता की तिथं," रामहरी म्हणाला.

त्याच्या पुढच्या रविवारी सोनूला घेऊन राणीसावरगावला गेले. बाबांच्या मुलीचं, सुगंधाबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती दारात कांद्याची पात निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. खरं सांगितलं, सगळं. तिनं पात निवडणं थांबवलं नाही.

"आले व्हते. शेळी सोडून गेले हितं. चार दिस व्हते, बोलले न्हाईत. शिवी डोक्यात राहात न्हाई मानसाच्या, पन चोर म्हनल्याचं ऱ्हातंय." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पायाच्या आंगठ्यात काटा मोडलाय, डाव्या. पू धरलाय. दाखवा म्हनलं तर पाचव्या दिशी सकाळी उठून गेले. झरीकडं दिसले म्हनला एक जन. खरं-खोटं काय माईत."

"मी शोधते त्यांना."

"कुठं शोधता? तुमाला लेकरू हाय." तिनं सोनूच्या हातात गुळाचा खडा दिला. सोनूनं तो तुटक्या दाताच्या बाजूनं चावला नाही, दुसऱ्या बाजूनं चावला.

मी झरीला जाऊन आले दोनदा. परभणीच्या सिव्हिलला, केस पेपरच्या खिडकीवर नाव विचारलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारते, आधार नंबरच्या आधी. निळीला नवी सीट बसवली आहे आणि ती आता दिवसभर रामहरीच्या पत्र्याखाली असते, तो आत घेऊ देतो. आम्ही दोघं एकमेकांशी जास्त बोलत नाही. माझा दिवस पुन्हा ओटीपीचा झालाय. उतरल्यावर मला कुणी काही विचारत नाही, आणि मी फाट्यावर उगाच दोन मिनिटं उभी राहते.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, कुठल्याही रस्त्यानं जात असाल आणि एखाद्या फाट्यावर कुणी म्हातारा माणूस सायकली सावलीला सरकवताना दिसला, सत्तरीचा, डाव्या पायानं लंगडणारा, तर तिथं थांबा. नाव विचारलं तर सांगणार नाहीत कदाचित. माझं नाव तुम्ही सांगू नका, उठून जातील. आधी पायाचा अंगठा बघा. काळा पडला असेल तर ऐकून घेऊ नका, उचलून दवाखान्यात न्या, साखर तपासायला सांगा. काळा पडला नसेल तर जवळ थोडा वेळ बसा, जेवलात का ते विचारा. तेवढ्यात तुमची बस येईल. कंडक्टर घंटी मारेल. जाऊ द्या तिला.